सतरावा रकाना

"सगळे सोपे प्रश्न विचारले गं ताई," म्हणत धाकट्यानं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. व्हिसा कचेरीच्या समोर एक चहाचं दुकान आहे. तिथं मी दीड तासापासून त्याची वाट बघत होते. सकाळी आत जाताना त्याची पाचावर धारण बसली होती. आता चेहरा असा खुलला होता, की व्हिसा खिशात घालूनच आलाय असं कुणालाही वाटावं.

व्हिसा त्याच्या बायकोचा, तिला इकडे येता यावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझ्या भावानं परदेशात लग्न केलं. फोटोंचे अल्बम छापणाऱ्या एका कारखान्यात तो तीन वर्षांच्या करारावर गेला होता. शेजारी मोठी लाँड्री होती आणि तिथं ती इस्त्रीच्या मशीनवर होती. करार संपायला आठ दिवस उरले असताना दोघं नोंदणी कचेरीत जाऊन नवरा-बायको झाली आणि नवव्या दिवशी हा एकटा परत आला. तेव्हापासून नवरा इकडे, बायको तिकडे आणि मधे कागदांचा ढीग.

मी पहिले सहा महिने नाक मुरडत होते, खोटं कशाला बोलू? नवरा गेल्यावर मी धाकट्याकडे राहायला आले होते. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. त्यात ही परदेशी बाई कुठून उगवली, असं वाटायचं. पण दर रविवारी सकाळी फोनवर तिचं तोंड दिसायचं आणि धाकटा आंघोळीला गेला की ती माझ्याशी बोलायचा हट्ट धरायची. मी तिला एकेक शब्द शिकवत गेले. नवऱ्याच्या बहिणीला आमच्याकडे वन्सं म्हणतात म्हटल्यावर तिनं तो शब्द असा उचलला, की प्रत्येक वाक्यात दोनदा यायचा. एकदा तिनं मला विचारलं, "वन्सं, तुमचा भाऊ लहान होता तेव्हापण मुखदुर्बळ होता?" मुखदुर्बळ हा शब्द तिला मीच शिकवला होता. त्या दिवशी मी इतकी हसले, की नंतर नाक मुरडायला तोंड राहिलं नाही.

तर धाकटा चहा पीत बोटांवर मोजत एकेक प्रश्न सांगत होता. सासूचं नाव विचारलं, सांगितलं. बायको कुठल्या हातानं लिहिते, डाव्या. पहिल्यांदा भेटलात कुठं, लाँड्रीच्या मागच्या जिन्यावर, शर्टाची बाही जळाली म्हणून भांडायला गेलो होतो. यावर साहेबसुद्धा हसले म्हणे.

"आणि शेवटी विचारलं, बायकोच्या चेहऱ्यावर काही खूण आहे का. म्हटलं, छे, काही नाही."

मी कप खाली ठेवला.

"काही नाही म्हणालास?"

"मग काय सांगायचं? परक्या माणसासमोर बायकोच्या तोंडाची चर्चा करायची?" एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्याच्या हातातलं बिस्किट चहात तुटून पडलं.

त्याचं काम सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. परदेशातली तीन वर्षं सोडली, तर वयाच्या विसाव्या वर्षापासून धाकटा फोटो स्टुडिओत आहे. फोटो काढणारा वेगळा, हा फोटो दुरुस्त करणारा. आधी बारीक ब्रश आणि शाई घेऊन करायचा, मग कॉम्प्युटरवर करायला लागला. डाग घालवायचे, डोळ्यांखालचा काळेपणा घालवायचा, दात सरळ करायचे. गल्लीत त्याला सगळे आर्टिस्ट म्हणतात. स्टुडिओचे दोन नियम. दुरुस्त केलेला फोटो पसंत पडला, की मूळचा पुसून टाकायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपला आधीचा चेहरा पुन्हा बघावा लागत नाही. आणि एखाद्या बाईनं चेहऱ्यावरच्या डागाबद्दल काउंटरवर हळूच "दिसतंय का हो?" असं विचारलं, की लगेच म्हणायचं, काही दिसत नाही. जरा थांबून म्हटलं तरी तिला कळतं. धाकट्यानं हे इतकी वर्षं म्हटलंय, की विचार करण्याआधी त्याच्या तोंडून ते निघून जातं. मालक म्हणायचे, याच्या हातापेक्षा याच्या तोंडावर माझं दुकान चालतं.

आणि माझ्या भावजयीच्या डाव्या गालावर भाजल्याचा वण आहे. सतराव्या वर्षी वाफेच्या नळीनं भाजलं. अर्जातला सतरावा रकाना ओळखीच्या खुणेचा होता. त्यात तिनं लिहून पाठवलं होतं: डाव्या कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत, एक बोट रुंद, खालच्या टोकाला दुभंगलेला. तो रकाना मी स्वतः टाइप केला. मी बत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. साठ पानांचा अर्ज मी चार दिवसांत एकही खाडाखोड न करता उतरवला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी लग्नाचे सहा फोटो मागे जोडले. सहाही फोटोंत तिचा गाल लोण्यासारखा स्वच्छ होता. धाकट्यानं परत आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच हौसेनं ते फोटो दुरुस्त केले होते, आणि मूळचे अर्थातच पुसून टाकले होते. रकाना माझ्या हाताखालून गेला, फोटोही माझ्याच हाताखालून गेले, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. आम्हा टायपिस्ट लोकांचे डोळे अक्षरं बघतात, वाचायचं काम साहेबांचं. या सवयीचा मला बत्तीस वर्षं अभिमान होता.

आम्ही तसेच उठून रस्ता ओलांडून परत गेलो. दारावरच्या पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. खूप गयावया केल्यावर खिडकीतली बाई आली, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जबाब नोंदवून झालाय, आता काय असेल ते लेखी द्या. मी घरी येऊन खुलासा टाइप केला. पतीस सवयीमुळे असे बोलण्यात आले, वगैरे. टाइप करतानाच मला ठाऊक होतं की याचा उपयोग नाही. नंतर आलेला खुलासा पहिल्या जबाबाला आणखी पक्का करतो, हे मी कोर्टात रोज बघितलेलं होतं. धाकट्याला तसं बोलले नाही.

पुढचे सात आठवडे जीव टांगणीला लागला होता. धाकट्यानं त्या काळात आतल्या खोलीला रंग दिला. कपाटाचा अर्धा भाग मोकळा केला, तिच्या उंचीला बसेल असा आरसा खाली घेतला आणि स्वतः वाकून दाढी करायला लागला. पलंगासमोरच्या भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो होताच. मी एकदा म्हटलं, अरे, तो काढून ठेव निदान. तो म्हणाला, का? किती छान आलीय त्यात.

नकाराचं पत्र मंगळवारी आलं. मीच वाचून दाखवलं. जोडलेली छायाचित्रे आणि अर्जातील वर्णन यांत विसंगती आहे. पतीस पत्नीच्या चेहऱ्यावरील ठळक खुणेची माहिती नाही. सबब विवाह खरा असल्याबद्दल समाधान होत नाही. एक वर्षानंतर नव्याने अर्ज करता येईल. भाषा चोख होती, टंकलेखनात एकही चूक नव्हती. धाकट्यानं पत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "खरा नाही म्हणतात ताई."

रविवारी फोन आला. मी उठून जायला लागले तर तिनं मला थांबवलं. तिलाही पत्र पोचलं होतं. नेहमीप्रमाणे तिनं केस डाव्या बाजूला पुढे घेतलेले होते आणि आत्ता कुठं ते केस माझ्या डोळ्यांत भरले. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ती केस मागे बांधून बसायची. तेव्हा तो वण मी पाहिला होता, मनात चुकचुकलेही होते. पुढे तो दिसेनासा झाला आणि मी विसरून गेले. दिसेनासा कधी झाला, तर धाकट्यानं पोस्टानं पाठवलेले फोटो तिला पोचले तेव्हापासून.

"तू म्हणाला, खूण नाही?" तिनं विचारलं.

"सवयीनं गं. तोंडातून गेलं."

"फोटोत पण नाही."

"तेही सवयीनं. मी सगळ्यांचंच करतो. तुझं मुद्दाम नाही केलं."

तिनं केस मागे घेतले आणि गाल फोनच्या अगदी जवळ आणला. पडद्यावर दुसरं काहीच उरलं नाही. धाकटा खाली बघायला लागला.

"बघ," ती म्हणाली. मग पुन्हा केस न सोडता नीट बसली. "मी फॉर्ममध्ये लिहिलं. खूप नीट लिहिलं. मला वाटलं, तू वाचणार. मग तू फोन करणार आणि म्हणणार, हे लिहायला कशाला पाहिजे, मला माहीत आहे."

धाकट्यानं अर्ज वाचलाच नव्हता. मी भरला, सहीच्या जागा मी दाखवल्या आणि त्यानं तिथं सह्या केल्या. ताईनं केलंय म्हणजे बरोबरच असणार, असा त्याचा विश्वास. मग मीच म्हणाले, की चूक माझी आहे, मी बघायला हवं होतं.

"नाही वन्सं. तुमची नाही." ती थोडी हसली, आणि ते हसणं बघवेना. "फोटो आला तेव्हा मी आरशात बघितलं. मग दोन वर्षं केस असे. मला वाटलं, तो विचारेल, केस असे का."

"एक वर्ष थांबू," धाकटा कसाबसा म्हणाला. "तू नवे फोटो काढून पाठव. मी हात लावणार नाही. शपथ घेतो."

तिच्या मागे कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तिची आई असावी.

"तुझ्या भिंतीवर एक बाई आहे," ती म्हणाली. "ती तिथं छान राहते. मी येऊन कुठं राहणार?"

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. धाकट्यानं लावला, वाजून वाजून बंद झाला. तीन आठवड्यांनी मला एकटीला निरोप आला, आपल्या लिपीत, मीच शिकवलेल्या गोल गोल अक्षरांत लिहून फोटो काढलेला. वन्सं, मी येत नाही. राग नाही. त्याला रात्रीची गोळी आठवणीनं द्या, तो विसरतो. मी तो निरोप त्याला दाखवला. त्यानं वाचला, पहिल्यांदाच शब्द न् शब्द बोट ठेवून वाचला, आणि कामावर गेला.

मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. अरे, एवढी माया करणारी बाई, आणि तुला तिच्या तोंडाकडे धड बघता येऊ नये? मग माझाही राग येतो. आम्ही दोघं भावंडं आपापल्या कामात चोख, दोघांनाही बक्षिसं मिळालेली. आणि एक माणूस दारापर्यंत आलं होतं ते आमच्या चोखपणामुळे परत गेलं.

परवा, सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर तो उठला आणि भिंतीवरचा फोटो उतरवला. वाटलं, आता हा तो फोडणार किंवा माळ्यावर टाकणार. त्यानं तसं काही केलं नाही. फ्रेमच्या मागचे खिळे एकेक करून काढले, काच बाजूला ठेवली. मग कपाटातून जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात त्याचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ब्रश होते आणि सुकलेल्या रंगांच्या वड्या. खिडकीशी टेबल ओढून तो बसला, ब्रश ओला केला आणि तसाच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ब्रशचं टोक कागदापासून बोटभर वर तसंच होतं.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "कुठून कुठपर्यंत आहे?"

मी अर्जाची नक्कल काढली. सतरावा रकाना शोधला. आणि कोर्टात साहेबांना वाचून दाखवायचे तशी सावकाश वाचत गेले. डाव्या कानाच्या पाळीखालून. तो तिथून सुरू झाला. हनुवटीपर्यंत. एक बोट रुंद. त्यानं स्वतःचं बोट फोटोवर धरून पाहिलं, फोटोच्या मानानं कमी केलं. खालच्या टोकाला दुभंगलेला, असं मी वाचलं तेव्हा तो म्हणाला, "हो. हो, तिथं दोन होतात," आणि त्याचे डोळे भरून आले. पण हात थांबला नाही. हात त्याचा आजही अचूक आहे.

रंग वाळायला वेळ लागला. मग त्यानं काच बसवली, खिळे ठोकले आणि फोटो पुन्हा जागेवर टांगला. दोन पावलं मागे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. उन्हात काच जरा चमकत होती.

"दिसतंय का गं?" त्यानं विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.