तिसऱ्या भागात काय व्हावं

ठाकूरद्वारच्या वाचनालयात अभिप्रायाची वही ठेवायची कल्पना राजलक्ष्मीचीच. वडिलांमागे वाचनालय तीच चालवायची. त्या वर्षी वहीत भांडण जुंपलं ते सन बारा हजारातल्या मुंबईच्या कादंबरीवरून. पहिला भाग सगळ्यांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्यात लेखकाने समुद्र आटवला आणि शहर कुठल्याशा दूरच्या ग्रहाच्या हवाली केलं, तशी वाचकांनी त्याची सालटी काढली. वरळी कोळीवाड्यातल्या तुळशीदासने तर पानभर लिहिलं: "लेखकाने दर्या पाहिलेला दिसत नाही. आणि वरून हुकूम आला म्हणून मुंबईची माणसं गप्प बसली, हे साफ खोटं. तिसऱ्या भागात त्यांनी फाटक फोडून कचेरी ताब्यात घ्यावी." खाली ठसठशीत सही.

हे दिवाळीतलं. छप्पनच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असं रेडिओवर जाहीर झालं आणि शहरात गोळ्या सुटल्या. संचारबंदी थोडा वेळ उठली त्या दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस आत आला, पोलिसातला आहे म्हणाला आणि उभ्या उभ्या वही चाळू लागला. एका पानावर त्याचं बोट थांबलं.

"हा तुळशीदास कोण?"

"वाचक आहे."

"कसलं फाटक? कुठली कचेरी?"

"कादंबरीतली हो. बारा हजार सालातली."

"सही तर आत्ताची आहे. राहतो कुठे?"

सभासदांची वही राजलक्ष्मीच्या कोपराखालीच होती. "पत्त्यांची वही भावाकडे आहे. तो अलिबागला गेलाय."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. की तिलाच तसं वाटलं? अभिप्रायाची वही त्याने काखेत मारली. "उद्या येतो. पत्ता काढून ठेवा."

तो वळला तशी तिने कुलूप लावलं, सभासदांची वही पदराखाली घेतली आणि चालायला लागली. बस नव्हती, ट्राम नव्हती. रस्त्यावर दगडांचा खच. मागे चपला वाजल्या की ती पदर घट्ट आवळायची. वळून पाहावं तर कोणी म्हातारा नाहीतर दूधवाला. कोळीवाड्यात पोचायला तिला संध्याकाळ झाली.

दारात तुळशीदासची बायको सखुबाई होती. "तो दर्यात गेलाय, बाय. उद्या येल." सगळं ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. तिने दिराला छोट्या होडीतून धाडलं, तुळशीदासला दर्यातच गाठून घरी न येता परस्पर वेसाव्याला उतर म्हणून सांगायला. मग तिने वहीसाठी राजलक्ष्मीपुढे हात केला. राजलक्ष्मीने तुळशीदासच्या पत्त्याचं पान फाडून दिलं. सखुबाईने ते चुलीत सारलं. तेवढ्यात संचारबंदी पुन्हा लागली, म्हणून राजलक्ष्मी तिथेच राहिली.

तो पोलिसातला माणूस दुसऱ्या दिवशी वाचनालयात आला नाही. आठवड्यानेही नाही. अभिप्रायाची वही गेली ती गेलीच. पण दाराशी सावली हलली की राजलक्ष्मी हातातलं काम टाकून तिकडे पाहायची. आज नाही आला, म्हणजे उद्या येणार.

फाल्गुनात तुळशीदास वाचनालयात आला, वेसाव्याला दीड-दोन महिने मेहुण्याकडे राहून. जरा घुश्श्यातच. "माझा अभिप्राय त्याने नेला म्हणे? एवढं पानभर लिहिलेलं!" मग तिच्या तोंडाकडे पाहून तो ओशाळला. "बरं, तिसरा भाग आला का?"

"नाही आला."

"आला तर त्या लेखकाला मी तोंडावर सांगणार आहे, लोक असे..."

"हळू बोला," राजलक्ष्मी म्हणाली, आणि उठून तिने भर दुपारी दार लोटून घेतलं.