अस्तराचा तांबडा

थोरल्याने पहिला फटका मारला तो फळीसाठी. दुसरा मारला तो पहिला चुकला म्हणून. तिसऱ्याला काही कारण लागलं नाही. हात एकदा सुटला की त्याला कारणं कोण पुरवत बसतं?

आई मागच्या खोलीत धावत आली, तेव्हा धाकटा फळीवर पालथा पडला होता, अंड्यांवर कोंबडी बसावी तसा, आणि थोरला त्याच्या पाठीत पाना घालत होता. सून, थोरल्याची बायको, भिंतीला पाठ लावून किंचाळत होती. किंचाळण्यात ती पहिल्यापासूनच हुशार.

फळी जुन्या आगगाडीच्या दाराची. या दोघांचा बाप गाड्यांच्या कारखान्यात रंगारी होता. त्याने रंगवलेले डबे सगळे भंगारात गेले, ही फळी तेवढी त्याने खांद्यावर टाकून घरी आणली. तो गेला, फळी राहिली. पुढे पोरं त्याच गाडीचे छोटे डबे बनवू लागली, हातभर लांब, खिडक्यांना काचा, दारांना कड्या. डबा हुबेहूब, तर रंगही हुबेहूब हवा. थोरल्याने फळीचा एक कोपरा पत्र्याने थेट लाकडापर्यंत खरवडला आणि लाकडाला चिकटलेला तांबडा बघून निकाल दिला: सगळ्यात खालचा तोच सगळ्यात जुना, म्हणजे गाडी तांबडी. त्याच्या शब्दावर असेच डबे बनवणाऱ्या छंदी मंडळातल्या सगळ्यांनी आपापले डबे तांबडे केले. आईची मान तेव्हा जी ताठ झाली, ती उशीवरसुद्धा वाकेना.

आज चहाच्या वेळेला मंडळ डबे घेऊन घरी येणार होतं, सगळी गाडी एकदा जोडून बघायला. आणि धाकट्याला आजच बुद्धी सुचली. त्याने फळीचा दुसरा कोपरा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासला. कांदा आडवा चिरावा तसे थर दिसू लागले.

“आई, तूच बघ!” तो पडल्या पडल्या ओरडला. “जो रंग गाडीवर फिरला त्याच्यावर काजळी बसते, वार्निशाची रेघ असते. तांबड्यावर काहीच नाही! ते नुसतं अस्तर आहे. बाबांनी त्याच्यावर लगेच दुसरा रंग चढवलाय. तो हा!”

“कोणता हा? सांग की, कोणता?” थोरला गुरगुरला. “मातकट! ऐकलंस आई? गाडी म्हणे चिखलातून काढली होती!”

“वार्निश पिवळं पडलंय म्हणून तसा दिसतोय, दादा. फळी राहू दे, मी साफ करून—”

पाना त्याच्या बोटांवर पडला. बोट मोडल्याचा आवाज आईला दारापर्यंत ऐकू आला.

तिने कोपऱ्यातलं कपडे धुण्याचं धोपटणं उचललं आणि थोरल्याच्या कोपरावर असं हाणलं की पाना बाकाखाली गेला.

“मेल्या, भावाची बोटं मोडतोस? बापाने ब्रश धरायला शिकवलं होतं की पाना?”

“तू मध्ये पडू नकोस!”

“मी मध्ये पडले नसते तर तू जन्मालाच आला नसतास!”

त्याने तिला ढकललं. ढकलायचं एवढं नव्हतं कदाचित, पण बाकाचा कोपरा काही विचारून लागत नाही. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. थोरल्याने ते पाहिलं, आणि पाहूनही थांबला नाही. फळीवरून थिनरचा डबा ओतला, भावाच्या हातांवरून, सदऱ्यावरून, आणि खिशातून काडेपेटी काढली.

“फळीच राहणार नाही. मग बघू कोण खरा.”

सून किंचाळायची थांबली. तेव्हा कुठे आईला खरी भीती वाटली. तिने धाकट्याला हलवून पाहिलं. तो फळी सोडून उठेना. मग तीच त्याच्याशेजारी फळीवर सरकून बसली. थिनरने लुगडं भिजलं.

“लाव,” ती म्हणाली. “मंडळ आलं की सांग, गाडीचा रंग ठरवायला आई पेटवली.”

“आई, ऊठ.”

“नाही उठत.”

“मी खरंच लावीन हं.”

“लावणारा असतास तर वर्दी देत बसला नसतास.”

त्याने काडी पेटीच्या कडेला टेकवली. आई घाबरली होती, पण ते त्याला दिसू द्यायला ती काय सून होती? तिने तोल सावरायला फळीवर हात टेकला, तो घासलेल्या कोपऱ्यावरून सर्रकन घसरला. तळव्याला पिवळा चिकट लगदा आला. वार्निश विरघळलं होतं. खाली रंग होता.

“हिरवा,” सून म्हणाली.

कोणी तिला विचारलं नव्हतं. पण विहिरीतल्या शेवाळासारखा गर्द हिरवा, त्याला आंधळासुद्धा तांबडा म्हणाला नसता.

थोरल्याने काडेपेटी खिडकीबाहेर भिरकावली, आणि भिंतीवरच्या मांडणीवर हात फिरवून स्वतःचे सगळे तांबडे डबे खाली पाडले. काचा उडाल्या. त्यांवर तो नाचला. पायात काच घुसली तरी नाचला.

तेवढ्यात घंटा वाजली. लंगडत जाऊन त्यानेच दार उघडलं आणि मंडळाला मागच्या खोलीत आणलं. पुढे मास्तर, मंडळातले सगळ्यात वयस्कर, छातीशी पेटी धरून. मागे बाकीचे. थिनरचा भपकारा, फुटलेली भुवई, जमिनीवर रक्त.

“अरे, काय झालं इथे?”

“मी मारलं,” थोरला म्हणाला. “भावाला. आईलाही. तांबडा चुकला, मास्तर. अस्तर होतं ते. गाडी हिरवी होती.”

त्याच्या शब्दावर मास्तरांनी आपले सगळे डबे कापऱ्या हातांनी तांबडे रंगवले होते. त्यांनी पेटी अलगद खाली ठेवली, थोरल्याची गचांडी धरली आणि कानाखाली ठेवून दिली. थोरला हलला नाही. दुसरीसाठी हात वर गेला, तो आईने मनगटात पकडला.

“एक मारलीत. ती तुमच्या डब्यांची,” ती म्हणाली. “यापुढे याला हात लावायचा तर माझ्याशी गाठ आहे. याला मारणं मी माझ्याकडे राखून ठेवलंय.”

आणि तिने मारली. मास्तरांची त्याने सोसली होती, ही सोसवली नाही; तो रडू लागला.

“आता रडू नकोस. भावाला उचल. डॉक्टरकडे तू न्यायचंस, आणि तो विचारील तेव्हा बोट कोणी मोडलं ते तूच सांगायचंस.”

थोरला वाकला. धाकट्याने चांगल्या हाताने आधी त्याच्या छातीत एक गुद्दा घातला, आणि मग त्याच हाताने त्याचा खांदा धरला.