सासू नावाचे वळण

मित्रांनो, रोलरवाल्याला चौथीही मुलगीच झाली, त्या वर्षी माझा जन्म झाला. लोक हळहळत आले, तेव्हा तो माझ्यावर डांबर दाबत होता. "मुलगा हवाच असेल तर हा काय, समोर पसरलाय," तो म्हणाला. ती मुलगी मला भाऊच मानत मोठी झाली.

मी मोटार शर्यतींचा एक जुना ट्रॅक आहे. आज माझ्या भेगांतून गवत उगवते आणि प्रेक्षकांच्या बाकांवर शेळ्या रवंथ करतात. पण माझी कीव करू नका. मला फक्त माझ्यावरचा आळ पुसायचा आहे.

माझे तिसरे वळण अवघड. चालकांनी त्याला नाव ठेवले, सासू. चुकलात तर क्षमा नाही, आणि नीट वागलात तरी कौतुक नाही. रोलरवाल्याची ती मुलगी याच वळणावर झेंडा घेऊन उभी राहू लागली. पुढे धोका असला की ती पिवळा झेंडा हलवी आणि चालक वेग कमी करत. सगळे तिला पिवळीच म्हणत.

"पिवळे, एकदा तरी हिरवा दाखव की," चालक चिडवायचे.

"आधी ब्रेक दाबायला शीक. म्हणे हिरवा दाखव."

आमची एक रीत होती. धोक्याचा झेंडा वर गेला की ट्रॅकवरची प्रत्येक गाडी आत परतेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. हात भरून आला तर हात बदलायचा.

एका शर्यतीत कुणाच्या तरी गाडीतले तेल सासूवर सांडले. पिवळीने झेंडा वर केला. सगळ्यांनी वेग कमी केला. माझ्या मालकांचा धाकटा मुलगा मात्र दुसऱ्या क्रमांकावर होता आणि त्याला पहिले यायचे होते. त्याची गाडी घसरून भिंतीवर आदळली.

मुलाचा तेरावा उलटल्यावर मालकांनी पिवळीला बोलावले. "वळणच वाईट आहे, एवढं सांग. तुझी नोकरी राहील."

"वळण चांगलं आहे, साहेब. झेंडा वर होता. त्यांनी जुमानला नाही."

"म्हणजे चूक माझ्या मुलाची?"

तिने शब्द मागे घेतला नाही. तिची नोकरी गेली. माझ्या फाटकाला कुलूप लागले आणि वर पाटी लागली, 'वळण धोकादायक असल्यामुळे बंद'. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच हात आता माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, हा माणसे खातो.

पिवळी एका गॅरेजात गाड्या धुऊ लागली. सुट्टीच्या दिवशी मात्र मोडक्या कुंपणातून आत येई आणि सासू झाडून काढी.

"बंद ट्रॅक झाडून काय मिळतं गं तुला?" थोरली बहीण वैतागायची.

"लोकांनी भावाच्या तोंडाला काळं फासलंय. पुसायला नको?"

अशी बरीच वर्षे गेली. मग एका सकाळी मालक काठी टेकत आले. पिवळीने झाडू थांबवला नाही.

"त्या दिवशी मी धावत आलो, तेव्हा तुझ्या हातात काय होतं?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला माहीत आहे."

मालक त्या भिंतीकडे वळले. "झेंडा होता. अजून वरच होता. मी तेव्हाच पाहिला होता."

"त्यांची गाडी आत आली नव्हती ना, साहेब," पिवळी म्हणाली. "खाली कसा घेणार?"

मालक तिथेच खाली बसले. तिने झाडू ठेवला आणि शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः ब्रश घेऊन पाटी रंगवली. आता तिच्यावर 'बंद' एवढेच उरले आहे. मला ते चालते. बंद असणे हा काही गुन्हा नाही.

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, खडबडीत म्हणा, माझ्यावर खुशाल शेळ्या चारा. एखाद्या वस्तूची निगा राखणे जमत नसेल तर राहू द्या; पण आपली चूक तिच्या माथी मारू नका. मी ऐकून घेणार नाही.

मालकांचा मुलगा माझ्या शेवटच्या शर्यतीत गेला. पाटी रंगवली त्याच हिवाळ्यात मालक गेले. पिवळी गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता वारली.