झाकून टाक

मी खड्डा बोलतोय. हसू नका. तलवार बोललेली तुम्ही ऐकली असेल, नदी बोललेली ऐकली असेल, शाळेत फाटकं पुस्तकही बोलतं. मग मी का बोलू नये?

मी धुळ्याच्या देवपुरात एका घरामागच्या परसात आहे. कंबरेइतका खोल. माझ्यात पाणी नाही की पुरलेलं धन नाही. या घरातलं जे गटारात गेलं असतं, ते माझ्याकडे आलं आणि माती होऊन परत गेलं. एवढंच माझं काम. ते मी चोख केलं.

माझा जन्म पंच्याऐंशी सालच्या श्रावणातला. घरधनी तोताराम मूळचा पारोळ्याकडच्या खेड्यातला, धुळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यानं इथं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि मागं परस सोडलं. त्याच वर्षी या नव्या घरात पहिल्यांदा खानदेशची श्रावणातली देवी, कानबाई, बसली.

कानबाईच्या दिवशी रोट होतो. म्हणजे देवीच्या नावानं दळलेल्या गव्हाचा, पुरणाचा स्वयंपाक. तो भाऊबंदांनीच जेवायचा, बाहेरच्याला घास द्यायचा नाही. या घराण्याची रीत आणखी कडक. रोटाचं खरकटं आणि जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा वाटेवर सांडायचं नाही. खड्डा करून त्यात सोडायचं आणि खड्डा बुजवायचा. गावी शेत होतं, अडचण नव्हती. इथं दारापुढं गटार.

"गटारमा रोटनं पाणी जावाले नको," तोतारामची बायको भिकुबाई म्हणाली.

"मंग काय पांझरा नदीले वाही नेशी?"

"कुदय लई या."

कुदळ आली. तोतारामनं गुडघाभर खणलं आणि टोपीनं घाम पुसला. "बस व्हयनं."

भिकुबाईनं त्याच्या हातून कुदळ घेतली आणि मला कंबरेपर्यंत नेलं. माझी खोली तिची आहे. हे मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. आता मला बुजवायचं. म्हणजे एका दिवसाचं माझं आयुष्य. भिकुबाई फावडं घेऊन आली आणि उभीच राहिली.

"बुजी टाक ना," तोताराम म्हणाला.

"आज भाकर उरनी, ती कोठे टाकू? गटारमा?"

"सारं गाव टाकस."

"कालनं अन्न देवीनं, आन आजनं काय कचरा? ज्वारी तीच, हात तोच."

"लोके हसतीन."

"हसू द्या."

तिनं दोन फावडी माती टाकून रोटाचं खरकटं झाकलं आणि बाकी मला उघडं ठेवलं. मी जगलो.

तेव्हापासून मी रोज जेवतो. वांग्याची देठं, मेथीच्या काड्या, केळीची सालं, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा. बंबातली राख आधी भांड्यांना लागायची, उरलेली मला. परसात निंब आहे. या भागात सकाळी उठून पाला झाडायचा आणि ढीग करून पेटवायचा, ही माणसांची मोठी हौस. सगळी गल्ली खोकते, पण पेटवतात. भिकुबाईनं ते बंद केलं. निंबाचा पाला माझ्याकडे आला.

माझी एकच अट. वर टाकलं की त्यावर मूठ-दोन मुठी माती पडली पाहिजे. मग वास नाही, माशी नाही. उघडं ठेवलंत तर मी सडतो. झाकलंत तर मी शिजवतो.

उन्हाळ्यात देवपुरात नळाला पाणी रोज येत नाही. भिकुबाईनं न्हाणीतून एक चारी काढून भिंतीकडच्या केळीला लावली. भांड्यांचं पाणी वांग्यांना. पाणी एकदा वापरून सोडून देणं तिला जमत नसे. जेवून उठल्यावर ताट न विसळता उठणारा माणूस तिला जसा आवडत नसे, तसंच ते.

दरवर्षी श्रावण लागायच्या आत ती मला रिकामा करायची. आतली काळी माती वाफ्यांत जायची. मग माझ्यावर शेणाचा सडा पडायचा आणि मी रोटासाठी कोरा व्हायचो. देवीचा खड्डा आणि घराचा खड्डा एकच. त्यात काही वावगं आहे असं ना देवीनं सांगितलं, ना मला वाटलं.

शेजारीण शेवंताबाई सुरुवातीला कुंपणावरून म्हणायची, "काय वं भिकुबाई, प्लॉट लिसन उकिरडा पाया का?" उकिरडा पाळलास का म्हणणारी तीच पुढं वांगी मागायला यायची.  वांगी चांगली होती, हे तिनंच कबूल केलं.

ब्याण्णव साली तोतारामचा मुलगा लीलाधर याचं लग्न झालं. सून बेबाबाई जळगाव शहरातली. तिच्या माहेरी परस नव्हतं. चिंचोळ्या गल्लीत घर आणि कोपऱ्यावर नगरपालिकेची कचराकुंडी. मुलगी कामाला चटपटीत आणि स्वच्छतेची भारी. ओट्यावर पाण्याचा थेंब राहू देत नसे.

त्याच वैशाखात निरोप आला. एरंडोलला भिकुबाईची आई पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. भिकुबाई तिच्या सेवेला निघाली. उंबऱ्यात उभी राहून सुनेला म्हणाली, "पोरी, बाकी तुले कये. खड्डानं तेवढं ध्यान ठेव. जे बी शे ते झाकी टाक."

"हो आत्याबाई. झाकून टाकते."

दोघींचे शब्द एक. अर्थ दोन. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई आली. हातात कॅरीबॅग. त्या दिवसांत बाजारात नुकत्याच त्या पातळ, रंगीत पिशव्यांचं पीक आलं होतं. पाव किलो मिरची घेतली तरी पिशवी. सगळी सालं, देठं तिनं पिशवीत भरली होती. वर घट्ट गाठ, गाठीवर गाठ. तिनं ती पिशवी हळूच माझ्यात ठेवली आणि हात धुतले.

मी वाट पाहत राहिलो. पिशवीच्या आत जेवण होतं. माझ्यापर्यंत येत नव्हतं.

रोज एक पिशवी. निळी, गुलाबी, पांढरी. आषाढात पाऊस लागला. पाणी पिशव्यांवर साचलं, खाली उतरेना. आतलं अन्न कोंडून आंबलं. मला वास येऊ लागला. जन्मात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

बेबाबाईलाही वास यायचा. बिचारी काय करणार? तिला वाटलं, गाठ सैल पडली असेल. ती आणखी घट्ट बांधू लागली.

भिकुबाई परतली ती कानबाईच्या आदल्या संध्याकाळी, भर पावसात. तिकडे आईनं हात धरून ठेवला होता. घरात गव्हाचं दळण, डाळ, पाहुण्यांची गर्दी. परसात यायला तिला सवड झाली नाही.

सकाळी भाऊबंद जमले. सर्वांत शेवटी उखर्डूभाऊ आले. हे तोतारामचे थोरले भाऊ, गावी शेती सांभाळणारे. बोलणं कमी. घराण्यात शब्द त्यांचा शेवटचा. हातपाय धुवायला ते परसात आले आणि माझ्यापाशी थांबले.

"तोताराम, हाऊ कसाना वास शे?"

तोतारामनं पुढं येऊन वाकून पाहिलं.

"देवीना खड्डाना उकिरडा करी टाका तुम्हीन. आठे रोट व्हणार नही. गहूनं पीठ उचला, डाय उचला. दुपारनी गाडी धरा, गावले चला."

बायका परसाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

इथं एक गोष्ट सांगतो. या घराण्यात नवी सून पहिला रोट जेवली की घरची. बेबाबाईचा तो पहिला रोट होता. रोट आज या घरातून उठला असता, तर नव्या सुनेच्या पायगुणानं उठला असं झालं असतं. मग तिनं जन्मभर कितीही केलं तरी दर श्रावणात कोणीतरी ते उकरून काढलं असतं. हे तिला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला. पिठाचे हात तसेच धरून ती दारात उभी होती.

भिकुबाई माझ्यापाशी आली. तिनं पिशव्या पाहिल्या. "पोरी, हाई काय करं तू?"

"आत्याबाई, तुम्हीच सांगितलं होतं!" बेबाबाईला रडू फुटलं. "झाकून टाक म्हणालात. मी एक दिवससुद्धा उघडं टाकलं नाही. गाठ मारून, झाकूनच टाकलं."

 मग तोताराम खुदकन हसला. "आरे देवा! तुनंच चुकनं. झाकी टाक नही, टाकी झाक सांगाले पाहिजे व्हतं!"

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. लीलाधर हसला. रडत रडत बेबाबाईही हसली.

उखर्डूभाऊ हसले नाहीत. "हसनं व्हयनं. उकिरडा उकिरडाच. पीठ उचला."

भिकुबाई जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नसे. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमना भाऊले इचारा, त्यासनं नाव कसावरथुन ठेवं?"

 सगळ्यांना माहीत होतं. उखर्डूभाऊंच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ते जन्मले तेव्हा आईनं त्यांना गावच्या उकिरड्यावर ठेवलं आणि टाकलेलं पोर सापडलं म्हणून उचलून घरी आणलं. नाव उखर्डू ठेवलं. अशा पोराकडे मरण बघत नाही, असा समज.

"जगाडाले उकिरडा चालना व्हता," भिकुबाई भिंतीला म्हणाली. "आते त्याले नाक मुरडतस."

एवढं ती आयुष्यात जेठाला पहिल्यांदा बोलली. उखर्डूभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. कोणी त्यांच्याकडे बघेना.

तेवढ्यात बेबाबाईनं लुगड्याचा काष्टा मारला आणि माझ्यात उतरली.

भिकुबाईनं रोटासाठी स्नान केलं होतं, तिला हात लावता येत नव्हता. तिनं वरून टोपली धरली. बेबाबाई एकेक पिशवी उचलायची, गाठ सोडायची, आतलं टोपलीत ओतायची आणि रिकामी पिशवी बाजूला टाकायची. वास असा की जवळच्या बायका मागं सरल्या. ती नाही. तिनंच बांधलेल्या गाठी होत्या. काही सुटेनात. त्या तिनं दातांनी फाडल्या नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. विळी मागवली.

पिशव्या संपल्या. खाली माझा तळ आला. वैशाखाच्या आधीचं, भिकुबाईच्या हातचं. काळं, भुसभुशीत. पिशव्यांनी पाऊस अडवल्यामुळं फार भिजलंही नव्हतं.

बेबाबाईनं त्यातलं घमेलं भरून वर ठेवलं. उखर्डूभाऊंच्या पायाशी.

ते शेतकरी. त्यांना राहवलं नाही. उकिडवे बसले, मूठ भरली, ढेकूळ चिमटीत फोडलं, नाकाशी नेलं. मी श्वास रोखला. खड्ड्यालाही रोखता येतो.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

भिकुबाई भिंतीला म्हणाली, "उकिरडा शे."

ते बराच वेळ ती माती तळहातावर फिरवत राहिले. मग उठले, हात झटकले नाहीत, धोतराला पुसले.

"एक पोतं गावले लई जासू," ते तोतारामला म्हणाले. आणि दाराकडे वळून, कोणाचं नाव न घेता, "कणीक भिजवा. सूनले न्हावाले गरम पानी द्या."

रोट झाला. बेबाबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून पंगतीला बसली. पहिली पुरणपोळी तिच्या ताटात उखर्डूभाऊंच्या सांगण्यावरून पडली. मला सडा मिळाला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातांचं पाणी माझ्यात उतरलं. तिच्याही.

त्याला आता वर्षं झाली. अठ्ठ्याण्णव साल चालू आहे. भिकुबाईचे गुडघे दुखतात, ती ओट्यावर बसून सूचना करते. मला बेबाबाई सांभाळते. टाकते, मग झाकते. लीलाधरच्या जुन्या पँटींच्या तिनं पिशव्या शिवल्या. तो आधी लाजला. बाजारात पँट घेऊन कसं जायचं म्हणाला. आता मुकाट नेतो. भाजीवाला कॅरीबॅग पुढं करतो, तो नको म्हणतो. एवढं त्याला जमतं.

त्या दिवशी एक पिशवी तिच्या नजरेतून सुटली. निळी. ती माझ्या कुशीत मातीत रुतली आहे. सहा श्रावण तिच्यावरून गेले. रंग उडाला नाही, गाठ सुटली नाही. मी वांग्याचं देठ पचवतो, आंब्याची कोय पचवतो, कोंबडीचं पीससुद्धा पचवतो. तिच्यापुढं मी हरलो. हे कमीपणा घेऊन सांगतो, कारण तुम्हाला कळायला हवं.

मी काही मोठं मागत नाही. परस असेल तर खणा. परस नसेल तर फुटकं मडकं चालेल, जुना डबा चालेल. खाली पाला, वर माती. पाला पेटवू नका. बाजारात जाताना हातात पिशवी घ्या. आणि घरी कोणाला काम सांगाल तेव्हा नीट उलगडून सांगा.

बास. बेबाबाई डांगर भोपळ्याची सालं घेऊन येतेय. माझं तोंड बोलण्यासाठी खणलेलं नाही.