तीन कॉर्ड आणि एक गाऱ्हाणं

“ह्या गाणा न्हय, ह्या भांडाण आसा,” देवेश म्हणाला आणि त्याने गिटार मांडीवरून उतरवली.

“भांडाणच आसा,” अक्षया म्हणाली. “तुका काय आरती वाटली?”

काजूच्या कारखान्याच्या बंद शेडमध्ये तिघांचा बँड सराव करत होता. बँडचं नाव ‘तिरफळ’. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ पाहुण्याच्या दाताखाली आलं की त्याची जीभ बधिर होते, म्हणून अक्षयाने ते नाव ठेवलं होतं. गाणी तिची, गळाही तिचा. ड्रमवर प्रीतम, तो शिमग्यात ढोल बडवून शिकला आणि अजूनही ड्रमला ढोलच समजायचा. दुसऱ्या गिटारवर देवेश. पुण्याच्या स्टुडिओत काही वर्षं दुसऱ्यांची गाणी धुऊन-पुसून, इस्त्री करून देऊन तो गावी परतला होता. आता त्याला अक्षयाचं गाणंही इस्त्रीला टाकायचं होतं.

गाणं वाटेचं होतं. होड्या लागतात तिथून थेट बाजाराच्या रस्त्याला भिडणारी पायवाट. गेल्या दिवाळीपासून तिच्यावर नव्या रिसॉर्टचं लोखंडी गेट होतं आणि गेटवर फलक: खासगी मालमत्ता. तेव्हापासून मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नर्मदाकाकी आणि बाकीच्या बायका डांबरी रस्त्याने वळसा घालत होत्या, आणि त्या बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याची मासळी घेऊन घरी गेलेलं असायचं. पंचायत म्हणाली, बघूया. बघणारे अजून बघतच होते. अक्षयाने गाणं लिहिलं, आणि रिसॉर्टचं नाव घालून लिहिलं.

आता त्याच रिसॉर्टने किनाऱ्यावर महोत्सव भरवला होता आणि ‘तिरफळ’ला बोलावलं होतं. मॅनेजरने देवेशकडे निरोप दिला होता: पंक नको, पॉप पंक वाजवा.

“फरक काय रे दोघांत?” प्रीतमने विचारलं. “माझ्या हाताक दोनय सारखीच लागतत.”

“हाताक सारखीच,” देवेश म्हणाला. “तीच तीन कॉर्ड, तोच वेग. पण पॉप पंकात चाल आसता. माणूस ती घेवन घराक जाता. राग हयय आसता, पण तो आपल्या काळजाचो. जीव लावलेला चेडू सोडून गेला, बापाशीक आपला कायच कळना नाय. त्या रागाक तू खोटो म्हणू नको गो.”

“खोटो नाय. पण त्या रागान कोणाचा गेट हालना नाय. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि समोरच्याचा नाव. पॉप पंक म्हणजे तीच कॉर्ड, आंघोळ करून इलेली, आणि नाव इसारलेली.”

प्रीतमने झांजेवर एक टोला दिला. देवेश हसला नाही. त्याने मोबाइलवर रात्रीतून बसवलेलं गाणं लावलं. चाल चांगली होती, हे अक्षयाला पहिल्या ओळीला कळलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. दुसऱ्या कडव्यात गेट नव्हतं. गेटाच्या जागी कुणा मुलीची खिडकी होती.

“माका इचारूचा तरी होता.”

“तू नर्मदाकाकीक इचारलंस? तिच्यासाठी लिवलंस मा? तिका एक तरी ओळ येता?”

हे अक्षयाला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती डांबरी रस्त्यावर नर्मदाकाकीला गाठायला गेली. काकी तिच्या बापाची चुलत भावजय. टोपली उतरवून ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, सावलीत टेकली होती.

“काकी, माझा गाणा ऐकलंस?”

“शेडीतसून ऐकाक येता मा.” काकीने पदराने मान पुसली. “बाये, तू कोणाक तरी गाळी घालतंस इतक्या कळता. कोणाक आणि कित्याक, ता कळना नाय.”

मग काकीने टोपली डोक्यावर चढवली आणि चालताचालता गुणगुणू लागली. देवेशची चाल. काल शेडवरून जाताना मोबाइलवरची कानात पडली असणार. अक्षया रस्त्यात उभी राहिली. जिच्यासाठी आपण घसा फाडला, तिच्या तोंडात त्या खिडकीवाल्या गाण्याची चाल. तिची कानशिलं तापली, पण या वेळी राग देवेशवर नव्हता.

तिने ठरवलं. चाल त्याची ठेवायची, शब्द आपले. खिडकी गेली, गेट परत आलं. आणि शब्द कळले पाहिजेत म्हणून आधी ते गाण्याविना म्हणायचे. त्यासाठी मॅनेजरनेच दार उघडं ठेवलं होतं. सुरुवातीला काहीतरी लोकल पाहिजे, गाऱ्हाणं वगैरे, असं त्याने सांगितलं होतं.

अक्षयाचा बाप बाबली देवळात गाऱ्हाणं घालायचा. देवापुढे एकाने गावाचं मागणं मोठ्याने मांडायचं आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो जाळं विणत बसला होता.

“देवाक स्टेजवर नाचवतलंस?”

“नाचवचंय नाय. मागतलंय.”

बाबलीने गाठ मारून संपवली. “मगे ध्यानात ठेव. गाऱ्हाण्यात खोटा बोलूचा नाय. आणि जो व्हय म्हणता, तो त्या शब्दाक बांधलो. मगे तो कोणय आसांदे.”

महोत्सवाच्या संध्याकाळी किनारा भरला. पुढे खुर्च्यांवर पर्यटक, मागे वाळूत गाव. मॅनेजर दिल्लीकडचा, मराठी येत होती ती कामापुरती, गावची बोली तर नाहीच. ‘हे थांबले की होय महाराजा म्हणायचं,’ असं त्याला देवेशने शिकवून ठेवलं होतं, आणि दुसरा माइक हातात घेऊन तो स्टेजच्या कडेला हौसेने उभा होता.

“शब्द बदललंस मा?” देवेशने कानाशी येऊन विचारलं.

“चाल तुझी ठेवलंय.”

“मी इचारलंय काय, तू सांगतंस काय. हय दर शनवारचा काम मिळतला आमका.”

“तुका वाजवचा नसात तर खाली उतर. प्रीतम आणि मी पुरे.”

देवेश उतरला नाही. पण त्याने तारांवरचा हात काढून घेतला.

अक्षया माइकपुढे आली. “बा देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं. सवयीनेच.

“दर्यार जाणाऱ्याची होडी भरून येवंदे…”

“व्हय म्हाराजा.”

पाठोपाठ, एक ठोका उशिरा, माइकवरून मॅनेजर: “होय महाराजा.” लोक हसले. तो खूश होऊन वाकला.

“जी वाट आमच्या आज्या-पणज्यांनी पायांनी पाडली, तेच्यार ज्यांनी गेट घातल्यानी, तेंका बुद्धी दी, म्हाराजा…”

वाळूतली कुजबुज थांबली. कुणी आवाज काढेना. अक्षया तशीच उभी राहिली. मग मागून एकटी नर्मदाकाकी म्हणाली, “व्हय म्हाराजा.” आणि तिच्यामागून सगळी वाळू.

“उद्या उजाडताच ता गेट उघडांदे, आणि परत कधी बंद होव नये, म्हाराजा…”

मॅनेजरला आता ताल सापडला होता. गावाने तोंड उघडायच्या आत त्याने माइक वर उचलला आणि खणखणीत म्हणाला, “होय महाराजा.”

गावाचा जो आवाज उठला, त्यावरच प्रीतमने ढोल बडवावा तसा ड्रम धरला. देवेशने मॅनेजरकडे पाहिलं, अक्षयाकडे पाहिलं. मग त्याचा हात तारांवर गेला, आणि रिसॉर्टचं नाव त्याच्याच गोड चालीत पहिल्यांदा त्याच्याच तोंडून आलं. दुसऱ्या फेरीला वाळू गात होती. मॅनेजर टाळ्या वाजवत होता. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं तेव्हा थांबला.

सकाळी बायका टोपल्या घेऊन गेटाशी उभ्या राहिल्या. अक्षया पुढे. आतून मॅनेजर चपला घासत आला.

“हे काय आहे? प्रायव्हेट जागा आहे ही.”

“काल सगळ्यांसमोर तुमी व्हय म्हटलास,” नर्मदाकाकी म्हणाली.

“ते तर गाणं होतं.”

“गाणा मागसून झाला,” अक्षया म्हणाली. “आधी गाऱ्हाणा होता.”

मॅनेजरने वॉचमनला बायकांना हटवायला सांगितलं. वॉचमन शिवा गावातलाच, वरच्या वाडीतला. त्याने कमरेची चावी काढली, कुलूप काढलं, गेट भिंतीपर्यंत ढकललं आणि चावी मॅनेजरपुढे धरली.

“साहेब, काल मीपण होय म्हटलं. आता माझ्यानं बंद होणार नाही. तुम्ही करा.”

मॅनेजर चावी घेऊन उभा राहिला आणि बायका त्याच्या कोपराला टोपल्या घासत निघून गेल्या. मग त्याने फोन कानाला लावला.

देवेश झोपेतून उठून तसाच आला होता. “शनवारचा काम गेला.”

“गेला.”

“सांजेपर्यंत हो परत बंद करतलो.”

“मगे सांजेक परत वाजवूया. हयच, गेटाक टेकून. उद्या बंद केल्यान तर परवा.”

देवेशने डोकं खाजवलं. “चाल तीच?”

“तीच. तिसरा कडवा नवीन. त्यात तेचो व्हय घालूया.”

पुढे वाटेवर नर्मदाकाकी गुणगुणत चालली होती. या वेळी शब्दांसकट.