पांढरा कंदील

कोरियातल्या सात वर्षांत उपालीने एक युक्ती अंगवळणी पाडून घेतली होती. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की मान डोलवायची आणि हो म्हणायचं. कारखान्यात ते खपून जायचं. विहारात मात्र अंगाशी आलं.

मुळात तो विहारात गेला तो अम्माच्या हट्टापायी. मायदेशी कुरुणेगलजवळच्या घरी दर वेसाकला, बुद्धपौर्णिमेच्या सणाला, त्याची आई, अम्मा गुणवती, बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद घेऊन बसायची, पिठाची खळ शिजवायची आणि उपालीकडून अष्टकोनी कंदील करून घ्यायची. कागद पांढराच. पौर्णिमेला ती नेसायचीही पांढरंच. पुढच्या वेसाकला येतो, असं तो तिला दर वर्षी सांगायचा. त्याचा व्हिसा संपून तीन वर्षं झाली होती. एकदा कोरिया सोडला की पुन्हा इथे पाऊल ठेवता येणार नव्हतं. आधी घराचं छप्पर व्हायचं होतं, मग धाकट्या बहिणीचं, मल्लिकाचं लग्न. दोन्ही होऊन दोन वर्षं उलटली, तरी त्याचं 'पुढच्या वेसाकला' काही सुटलं नाही. शेवटी यंदा अम्मा म्हणाली, तू काही येत नाहीस, निदान तिथल्या विहारात माझ्या नावाचा एक कंदील लाव आणि फोटो पाठव.

हल्ली ती फोनवर चेहरा दाखवत नसे. कॅमेरा बिघडलाय म्हणायची. उपालीने कधी खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटायचं. तिच्या डोळ्यांत बघून तीच थाप मारायला नको.

बुद्धजयंतीच्या संध्याकाळी तो डोंगरावरच्या विहारात पोचला तेव्हा अंगणभर लाल, पिवळे, हिरवे कंदील लागले होते आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी हलत होती. बाजूच्या दालनासमोर मात्र नुसते पांढरे. उपाली हरखून गेला. टेबलामागच्या मुलीला त्याने पांढऱ्यांकडे बोट दाखवलं आणि आईसाठी, असं सांगितलं. तिने भरभर काहीतरी विचारलं. त्याने मान डोलावली. मुलीचा आवाज एकदम खाली आला, तिने अम्माचं नाव वहीत लिहून घेतलं, दोन्ही हातांनी चिठ्ठी पुढे केली आणि कमरेत वाकली. किती आदबशीर माणसं, असं त्याला वाटलं. शिडीवरून कंदील टांगून त्याने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि लगेच मल्लिकाला पाठवून दिला.

कारखान्याच्या खाणावळीतली ओक्सुन मावशी सणाला इथे भात वाढायला यायची. ती हात पुसत आली, चिठ्ठी वाचली आणि तिने उपालीचे दोन्ही हात धरले.

"आई कधी गेली रे? आणि मला बोलला नाहीस?"

"कुठे गेली? घरी आहे की."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग वर कंदिलाकडे. "अरे मुडद्या, पांढरे मेलेल्यांचे असतात."

मावशीने कुठूनसा एक लाल कंदील आणून त्याच्या हातात कोंबला आणि ती शिडीसाठी धावली. पण दालनात पठण सुरू झालं होतं. वहीतली गेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जात होती, आणि शिडी यायच्या आत अम्माचं नाव आलंच. गु-ना-वा-ती. उच्चार मोडका होता, नाव तिचंच होतं. सगळ्यांनी हात जोडले. उपालीचेही आपोआप जोडले गेले, आणि त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अम्माच होती. तिकडे अजून ऊन असेल. पांढराच लावलास, विसरला नाहीस, असं ती हरखून पुन्हा पुन्हा सांगत होती.

"अम्मा, तो काढतोय मी," तो कसाबसा म्हणाला. "लाल लावतो. दुसरा फोटो पाठवतो."

"नको रे बाबा. लाल-हिरवं मला आता कळत नाही. पांढरं तेवढं दिसतं."

नको ते तोंडून निघून गेलं होतं. मागून मल्लिका काहीतरी पुटपुटली. मग अम्माने सगळं तुकड्यातुकड्याने, ओशाळून सांगितलं, जणू चूक तिचीच होती. साखरेच्या आजाराने डोळे दीड वर्षापासून जात चालले होते. आता उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. परदेशात उगाच तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून कुणी कळवलं नव्हतं.

"फोटोत शेजारी तू उभा आहेस म्हणे," ती म्हणाली. "मला कंदील तेवढा दिसला."

दीड वर्ष. त्याआधीच छप्पर झालं होतं, लग्न झालं होतं. तेव्हा गेला असता तर तिने त्याला डोळे भरून पाहिलं असतं. अडवलं कुणीच नव्हतं. मावशी शिडी टेकवून उभी होती आणि वर चढ म्हणून खुणावत होती. तो लाल कंदील धरून तसाच उभा राहिला.

"अम्मा, मी येतो," तो म्हणाला.

"हो रे पुता," लहान मुलाची समजूत काढावी तशी अम्मा म्हणाली. "पुढच्या वेसाकला."