आठशे चौदावं गाणं

निर्मळच्या क्लेमेंटीन टीचरांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ज्ञानदाला बोलावलं ते एका अडून बसलेल्या प्रोग्रामसाठी. त्यांचे पती युजीन यांनी वीस वर्षं किनाऱ्यावरच्या गावांत फिरून लग्नातली गाणी जमवली होती. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग आणि सोबत टाइप केलेले शब्द. ती उघडायचा प्रोग्रामही त्यांनीच लिहिला. ते गेले, वर्षभराने त्यांचा कॉम्प्युटरही गेला. त्यातली डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली, तर एकच पाटी यायची: परवानगी नाही.

नायगावहून स्कूटरने आलेल्या ज्ञानदाला कारण लगेच सापडलं. "टीचर, फाइली अजून सरांच्या नावावर आहेत. कॉम्प्युटर तुम्हाला परकं समजतोय."

"एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर!" टीचर म्हणाल्या.

ज्ञानदाने त्यांना परवानगी दिली. प्रोग्राम एकेक फाइल तपासत गेला आणि थांबला. गाणं ८१४ बदललेलं आहे.

"सरांनी प्रत्येक फाइलचा ठसा काढून ठेवलाय," ज्ञानदा म्हणाली. "चौसष्ट अक्षरांचा. आत एक टिंब हललं तरी अख्खा ठसा वेगळा येतो."

"मग ती तपासणीच काढून टाक ना."

ते सोपं होतं. पण ज्ञानदाने आधी फाइलची तारीख पाहिली. "सर गेल्यानंतर महिन्याभराने कुणीतरी उघडून सेव्ह केलीय."

टीचर म्हणाल्या, "मीच. त्यांचं काहीतरी वाचावंसं वाटलं. पण मी काही बदललं नाही गं."

दोघींनी रेकॉर्डिंग लावलं. राजोडीची एक म्हातारी नवरीच्या आंघोळीचं गाणं म्हणत होती. टीचर पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचू लागल्या. तिसऱ्या कडव्यात बोट थांबलं. म्हातारी म्हणत होती 'पानी'. पडद्यावर होतं 'पाणी'.

"अरे देवा," टीचर पुटपुटल्या. "जन्मभर मुलांच्या वह्यांत हेच लाल केलं. हात गेला असणार."

ज्ञानदाने ण खोडून न केला. एवढ्याने भागेल असं तिला वाटत नव्हतं. एखादी मोकळी जागा, एखादा स्वल्पविराम राहिलाच असेल. तिने तपासणी चालवली. जुना आणि नवा, दोन ठसे एकाखाली एक उमटले. ती अक्षर अक्षर जुळवत शेवटापर्यंत गेली. तंतोतंत एक. नऊ वर्षं ती हे काम करत होती, पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. प्रोग्राम पुढची गाणीही शेवटापर्यंत न अडता तपासत गेला.

"म्हणजे आता अगदी त्यांनी लिहिलं तसं?"

"अगदी तसं. बाकीची दोन हजार तीनशेही."

टीचरांनी क्रूसाची खूण केली.

"ज्ञानदा, मला फक्त वाचायची परवानगी ठेव. लिहायची काढून घे."

ज्ञानदाने काढून घेतली. मग चहाचं नंतर बघू म्हणत दोघी पुढचं गाणं ऐकायला बसल्या.